खड्डा खणण्याआधी

जेसीबी तासाच्या भाड्याने दारात उभा, म्हणून चालकाला ‘अजून खोल जाऊ दे’ सांगायचा मोह होतो. तो आवरावा. शोषखड्ड्याचा तळ भूजलाच्या जितका जवळ, तितकी विहीर धोक्यात.

सेप्टिक टाकीत मैला बसतो. बाहेर येणारे पाणी घाणच असते. ते शोषखड्ड्यात जिरवायचे असते; उघड्या गटारात सोडणे ही आपली जुनी खोड.

दोन खड्ड्यांच्या शौचालयाला टाकी लागतच नाही. जाळीदार विटकामाचा एक खड्डा भरला की दुसरा सुरू. बंद खड्ड्यात वर्ष-दीड वर्षात वास नसलेले, भुसभुशीत सोनखत तयार. फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्लीत केंद्रीय सचिव परमेश्वरन अय्यर यांनी असा खड्डा स्वतः उपसला.

सेप्टिक टाकीत मात्र सुरक्षा साधनांविना माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.