सुगीतच पेव भरावे

पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील कारखान्यांचे भोंगे वेळेवर वाजत आहेत तोवर राज्याची तिजोरीही भरलेली असणार, असे समजण्याची आपणां सर्वांस सवय झाली आहे. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली, 1962 नंतर औद्योगिक विकास महामंडळाने भूखंड पाडले आणि माळरानावर उद्योगनगरी उभी राहिली. या भरतीस ओहोटी लागल्यास राज्य सरकारच्या गाठीस काय आहे, हा प्रश्न मात्र ओहोटीपूर्वीच विचारला पाहिजे.

तो काल्पनिक नाही. 2019 मध्ये वाहनांची मागणी घटली आणि ऑगस्टमध्ये टाटा मोटर्सच्या पिंपरीच्या कारखान्यातही काही दिवस काम बंद राहिले. मोठ्या कारखान्याचा एक बंद दिवस म्हणजे भोसरीच्या लघुउद्योजकाचे थांबलेले यंत्र आणि कंत्राटी कामगाराचा बुडालेला रोज. पाठोपाठ महामारी आली. मार्च 2020 चे वेतन सरकारने आपल्या बहुतेक नोकरांस हप्त्यांनी दिले. 4 मे 2020 च्या आदेशाने विकासखर्च मूळ तरतुदीच्या 33 टक्क्यांवर आणला. बाजाराने हात आखडला असता सरकारनेही तो आखडावा, याने मंदी हटत नाही, बळावते.

दोष केवळ एका मंत्रिमंडळाचा नव्हे. केंद्र सरकार मंदीत आपली तूट वाढवू शकते. राज्यांच्या कर्जाची मर्यादा मात्र दिल्लीत ठरते. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला व बहुतेक करांचे दर एकट्या राज्याच्या हाती उरले नाहीत. दरसाल 14 टक्के वाढीची हमी देणारी भरपाईही जून 2022 मध्ये संपली. शिवाय हा कर माल जेथे खपतो तेथे जमा होतो. चाकणची मोटार लखनौस विकली गेली, तर राज्याचा वाटा उत्तर प्रदेशास मिळतो. आपणांस मिळते ते येथील पगारातून झालेल्या खरेदीवर आणि घरांच्या मुद्रांक शुल्कावर. पगार थांबला की तेही आटते.

2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी रुपये व कर्ज 9.32 लाख कोटी रुपये अंदाजिले होते. हे कर्ज राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या 19 टक्क्यांच्या आत आहे, असे समर्थन केले जाते आणि ते खोटे नाही. परंतु कर्ज मिळण्याची ऐपत असणे आणि पदरी शिल्लक असणे या भिन्न गोष्टी आहेत. त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेस 36,000 कोटी रुपये होते. गरजू भगिनींस साहाय्य देण्यास आमचा विरोध नाही. कायमचा खर्च कायमच्या उत्पन्नावर उभा असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आकस्मिकता निधी ही केवळ उचल असते, ती पुन्हा भरावी लागते. कर्जनिवारण निधी कर्जफेडीसाठी असतो. अमेरिकेतील बहुतेक राज्ये मंदीसाठी स्वतंत्र निधी राखतात. महाराष्ट्रानेही आधी महसुली तूट मिटवावी आणि उत्पन्न अंदाजाहून अधिक येईल त्या वर्षी त्या आधिक्याचा ठरीव हिस्सा कायद्याने अशा निधीत टाकावा. महसूल खरोखर घटेल तेव्हाच तो काढता यावा, निवडणुकीच्या तोंडावर नव्हे. त्यातून प्रथम लघुउद्योजकांची थकलेली सरकारी देणी, चालू बांधकामे आणि काम गेलेल्या कामगारांचे साहाय्य भागवावे.

पेव सुगीत भरतात. दुष्काळात ते केवळ उघडायचे असते. आमच्या राज्यकर्त्यांनी अद्याप ते खणावयासही घेतलेले नाही.