कंबर कसा, पण बेल्टने नको!

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबला की कंबरेपासून पोटरीपर्यंत करंट जातो? बॉस, हा नुसता थकवा नाही, सायटिकाची कळ असू शकते. बहुतेकदा कंबरेतली सरकलेली डिस्क शरीरातल्या सर्वांत जाड नसेच्या मुळाशी दाबते. मग आपण काय करतो? बेल्ट लावून आडवे होतो! ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने तर २०१६ सालीच सांगितलंय, बेल्ट नको, व्यायाम करा. दुखणं जुनं असेल तर फिजिओच्या नजरेखाली आधी ब्रिज, बर्ड-डॉग, मग हलका डेडलिफ्ट. वजन हळूहळूच वाढवायचं. पाठीत ताकद आली की ‘वाकलो तर मोडेल’ ही भीतीही कमी होते. मात्र पाऊल लुळं पडलं, जांघांमध्ये बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर जिम विसरा. थेट हॉस्पिटल गाठा!