वासराने प्यालेले दूध

वसुबारसेच्या आदल्या दिवशी गुलमंडीत पूजेचे सामान घ्यायला गेलो, की गाय-वासराच्या चित्रांकडे मी जरा जास्तच वेळ बघतो. चित्रातली गाय बहुधा गीर असते. फुगीर कपाळ, लांब लोंबते कान, तांबूस अंग. तुपाच्या महागड्या बरण्यांवरही तीच. मराठवाड्याच्या स्वतःच्या दोन जाती, उदगीर-देवणीकडची देवणी आणि कंधारकडची लाल कंधारी, या बाजारात ना चित्रात दिसतात ना बरणीवर. 'देशी गाय' या एका शब्दात त्या गुडूप झाल्या आहेत.

आकडे पाहिले तर यात नवल वाटू नये. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या जातवर्णनांत गीरचे एका वेताचे सरासरी दूध सुमारे २१०० किलो आहे, देवणीचे ८५० च्या आसपास, लाल कंधारीचे ६०० आणि खिल्लारचे ४०० च्याही खाली. म्हणजे देवणी दिवसाला सरासरी तीन लिटर देते. होल्स्टिन फ्रिजियन किंवा जर्सीच्या रक्ताची चांगली सांभाळलेली संकरित गाय १० ते १५ लिटर सहज देते.

पण हे लिटर मोजले कसे, हे कोणी विचारत नाही. देशी गाय वासरू समोर असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. आधी वासरू लावायचे, गाय पान्हवली की ओढून बाजूला बांधायचे, शेवटी एखादा सड त्याच्यासाठी राखायचा. संकरित गायीचे वासरू गोठ्यात जन्मल्याबरोबर वेगळे करता येते आणि सगळे दूध बादलीत येते. देवणीचे वासराच्या पोटात गेलेले दूध बादलीत आले नाही, म्हणून ते हिशेबातही आले नाही. आणि ते वाया गेलेले नव्हते. त्यातूनच काळ्या, जड जमिनीत नांगर ओढणारा बैल तयार होत होता. गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या मिश्रणातून देवणी घडली असे मानतात. गीरचे कपाळ आणि कान तिच्यात आजही ओळखू येतात. बालंक्या, वानेरा, शेवेरा हे तिचे तीन प्रकार रंगावरून ठरतात : जवळजवळ पूर्ण पांढरा, पांढऱ्या अंगावर काळे गाल असलेला आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. घरापुरते दूध आणि शेतीला बैलजोडी, असा तिचा दुहेरी करार होता.

ट्रॅक्टर आला आणि करारातला अर्धा भाग फाटला. पुढे २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि म्हाताऱ्या बैलाला बाजारात किंमत उरली नाही. आता देवणीने फक्त दुधावर उभे राहायचे, आणि तिथे ती हरते. तिच्या दुधात फॅट जास्त, म्हणून ती परवडते, असे तिचे चाहते सांगतात. मीही काही वर्षे सांगत होतो. राज्यात गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, देवणीला फॅट ४.३ लागते असे समजू. ८५० किलोंत साडेछत्तीस किलो स्निग्धांश होतो. संकरित गायीचे ३००० लिटर ३.५ फॅटचे धरले तरी १०५ किलो. प्रेमाने गणित बदलत नाही. (खव्या-पेढ्यांच्या दुकानदाराला तर दोन्ही नकोत, त्याला म्हैस हवी. पाडव्याला याच शहरात गवळी समाज सगर करतो तेव्हा सजलेले रेडे बघावेत.)

देवणीची बाजू वेगळ्या जागी भक्कम आहे. उन्हाळ्यात पारा ४२ वर गेला की संकरित गाय धापा टाकते, दूध आटते, गाभण राहत नाही. गोचिडांतून येणाऱ्या थायलेरियाने ती दगावते, देशी गुरे तो आजार बऱ्याच अंशी सोसतात. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तशा वर्षी कडब्यावर तगणारे जनावर कोणते, हे वेताच्या सरासरीत दिसत नाही.

बरणीवरच्या 'ए-टू' चेही सांगायला हवे. दुधातील बीटा-केसीन या प्रथिनाच्या साखळीत ६७ व्या जागी प्रोलीन असेल तर ए-टू, हिस्टिडीन असेल तर ए-वन. वशिंडाच्या भारतीय गायी बहुतेक ए-टूच, त्यात गीरचे वेगळेपण नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये तपासले, तेव्हा ए-वनचा रोगांशी कार्यकारण संबंध सिद्ध झाला नाही. आणि तुपात प्रथिन जवळपास नसतेच! ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अन्न प्राधिकरणाने असे दावे काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागे घेतला.

गीर पुढे गेली ती निवडीमुळे. ब्राझीलने आपल्याकडून गीर नेली आणि १९८५ पासून वळूंच्या मुलींचे दूध मोजून वळू निवडले. आज तिथल्या गीरचे दूध आपल्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. देवणीचा वळू पिढ्यानपिढ्या निवडला गेला तो खांद्यावर आणि चालीवर.

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत हे समोर दिसते. बघणारे वळूचे दात मोजतात, खूर आणि वशिंड पाहतात, चालवून बघतात. मी एकेकाला त्याच्या आईचे दूध विचारत हिंडलो. बहुतेकांनी हातानेच कासेचा आकार दाखवला. आकडा एकालाच सांगता आला, तोही वासराला पाजून उरलेला.