कैलासाचा हिशेब

सिरसाळ्याहून परळीमार्गे अंबाजोगाईला गेलं की गावालगतच्या खडकात हत्तीखाना लेणी आहेत. खडक वरून खाली खोदून मोकळं केलेलं अंगण, मध्ये नंदीमंडप आणि त्याच खडकातले दगडी हत्ती. लोक याला जोगाईचा मांडव म्हणतात. योगेश्वरी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्नाला निघाली, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं, अशी इथली कथा. एवढे हत्ती कोणी कोरले, याची आठवण पुसली गेली तेव्हा लोकांनी स्वतःच उत्तर रचलं.

वेरुळच्या कैलासाचंही असंच झालं. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात त्याची गोष्ट आहे. राजा आजारी पडला, राणीने घृष्णेश्वराला नवस केला. राजा बरा झाल्यावर देवळाचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा तिचा पण. इतर कारागिरांनी महिन्यांची मुदत मागितली. कोकस नावाच्या स्थपतीने मात्र आठवड्यात शिखर दाखवतो म्हणून सांगितलं, आणि डोंगराच्या माथ्यावरून खाली काम सुरू केलं. मला ही कथा फार मोलाची वाटते. नवसाचा भाग बाजूला ठेवला तरी बांधकामाची रीत तिने अचूक जपली आहे, कारण कैलास खरोखरच शिखराकडून पायाकडे उतरत गेला. मध्य भारतातल्या पुढच्या काळातल्या शिलालेखांत काही शिल्पी स्वतःला कोकसाच्या वंशातले म्हणवतात, तेव्हा हे नाव निव्वळ कल्पनेतलंही नसावं.

आधी दोन्ही बाजूंनी आणि मागून खोल चर खोदून मधला खडक सुटा केला, मग त्यात देऊळ कोरलं. आपल्याकडे विहीर खोदताना मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण असे थर उतरत जावं लागतं, तसंच हे काम. फरक इतकाच की विहिरीत मधला खडकही काढून टाकतात, इथे तो राखायचा होता. परांची बांधायची गरज नव्हती. पण छिन्नी एकदा चुकली की तो दगड पुन्हा जोडता येत नाही.

समाजमाध्यमांवर या देवळाचं श्रेय परग्रहवासीयांना देणारे व्हिडिओ फिरतात. मला त्यांचा राग येतो, कारण साधा गुणाकारही कोणी करून पाहत नाही. खोदलेला खड्डा सुमारे 276 फूट लांब, 154 फूट रुंद आणि मागच्या कड्याशी 107 फूट खोल आहे. डोंगर उतरता असल्याने सरासरी खोली निम्मी धरली, तर साधारण 22 ते 23 लाख घनफूट होतात. मधलं देऊळ त्यातून वजा करायचं, कडेच्या ओसऱ्या मिळवायच्या. पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी एक माणूस दिवसाला 4 घनफूट खडक फोडतो असं धरून, 250 माणसं साडेपाच वर्षांत हे काम उरकतील असा अंदाज मांडला होता. त्याचा गुणाकार 20 लाखांच्या आसपास येतो. रोजचे 4 ऐवजी 2 घनफूट धरले तरी 11 वर्षं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द इसवी सन 756 ते 773 च्या सुमाराची. हे त्यात बसतं. ‘अठरा वर्षांत बांधलं’ असं जे सांगतात, तो आकडा या कारकिर्दीच्या लांबीवरून आलेला दिसतो. कामाला किती वर्षं लागली, ते कुठल्याही लेखात कोरलेलं नाही. सुरुवात कृष्णाच्या आधीच्या दंतिदुर्गाने केली, असं हेर्मान गोएट्झ यांचं मत होतं. लंकेश्वर लेण्यासारखे भाग नंतरचे, हे बहुतेकांना मान्य आहे.

म्हणजे हातांनी होण्यासारखं काम हे होतंच. माझ्या मते खरं कोडं पुढे सुरू होतं. 250 माणसांनी रोज हजार घनफूट खडक फोडला, तर 80 टनांहून जास्त राडारोडा दिवसाला हलवावा लागणार. तो कोणी वाहिला, आणि टाकला कुठे? बेसॉल्टवर छिन्नीची धार लवकर जाते. मग किती लोहारांचे भाते पेटते असतील, कोळशासाठी किती रान तुटलं असेल? ढवळीकरांच्या 250 मध्ये हे लोक नाहीत. मूर्तिकार नाहीत, भाकरी थापणाऱ्या बायाही नाहीत.

‘का’ याचं उत्तर निम्मं सापडतं. राष्ट्रकूटांनी बदामीच्या चालुक्यांना नुकतंच हटवलं होतं, आणि कैलासाची मांडणी चालुक्यांच्या पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी इतकी जुळते की तिकडचे कारागीर इथे आले असणार. जिंकलेल्यांचं सर्वोत्तम देऊळ आपल्या डोंगरात उभं करायचं, हा त्यातला अर्थ मला पटतो. देवळावर पांढरा गिलावा होता, त्याचे अवशेष अजून दिसतात. काळ्या सह्याद्रीत हिमाच्छादित कैलास. पण चिरे रचून उत्तम देवळं बांधता येत असताना डोंगर का पोखरला, हे निम्मं उत्तर सांगत नाही.

बडोद्याला मिळालेल्या शके 734 च्या कर्कराजाच्या ताम्रपटात या देवळाचं वर्णन आहे. आकाशातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, आणि घडवणारा स्थपतीही ‘हे मी कसं केलं’ म्हणून चकित झाला, असा त्याचा आशय. राजाचं नाव आहे. स्थपतीचं नाव त्यात नाही.

इजिप्तमध्येही चार हजारांहून जास्त वर्षं राबणाऱ्यांचा हिशेब असाच हरवलेला होता. खुफूच्या पिरॅमिडमध्ये सुमारे 23 लाख दगड, आणि ते वर कसे चढवले यावर आजही वाद आहे. उतार सरळ होता की वळसे घेणारा, हे ठरलेलं नाही. पण 2013 मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फ इथे फ्रेंच संशोधक पिएर ताले यांच्या चमूला पपायरसचे तुकडे मिळाले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी निघाली: तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरले, गिझाला पोचवले, परत फिरलो. गिझाजवळ मजुरांची वस्ती आणि थडगीही उकरली गेली. बांधणारे कोण होते, काय खात होते, हे आज ठाऊक आहे.

वेरुळला ताडपत्रावर कोणी असा हिशेब लिहिला असेल, तर तो इथल्या पावसात टिकणार नव्हता. लोहाराची मळी आणि भट्टीची राख मात्र मातीत टिकते. लेण्यांखालच्या उतारावर कामकऱ्यांच्या वस्तीचा नेमका शोध घेऊन उत्खनन व्हावं, असं मला मनापासून वाटतं. त्या भात्यांच्या जागा सापडल्या, तर ढवळीकरांच्या 250 माणसांच्या आकड्यात निदान लोहार तरी मिळवता येतील.