घरच आवा, घरच मडकं

पावसाळा सरला की आमच्या खिडकीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी येते. चिखलाच्या गोळ्या तोंडात धरून आणते आणि बोराएवढं मडकं उभं करते. बारीक गळा, बाहेर वळलेला काठ. आत आधी अंडं, मग डंख मारून बधिर केलेल्या अळ्यांची शिदोरी, मग तोंड बंद. सगळं येतं तिला, फक्त भाजणं येत नाही. त्यामुळे ओल्या फडक्याचा एक हात फिरला की घर गेलं. तो हात बहुधा माझाच असतो.

मातीच्या घराचं दुखणं पाण्याचं. त्यावर पुद्दुचेरीत रे मीकर या कुंभाराने काढलेला उपाय कुंभारालाच सुचावा असा होता: घर बांधायचं आणि पेटवून द्यायचं.

मीकर मूळचे अमेरिकेचे. आधी वास्तुकला शिकले, मग मातीकाम. जपानच्या बिझेनमध्ये शिकलेल्या डेबरा स्मिथ यांच्यासोबत त्यांनी 1971 मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आज भारतात स्टुडिओ पॉटरी करणाऱ्या अनेकांची मुळं या अंगणात सापडतात. घर भाजण्याची कल्पना मात्र इराणी वास्तुकार नादेर खलीली यांची. वाळवंटातली गावं हिंडताना त्यांच्या लक्षात आलं की मातीची घरं ढासळतात, पण जुन्या भट्ट्या टिकतात. मग घरालाच भट्टी का करू नये? या तंत्राला त्यांनी नाव दिलं ‘गेलताफ्तान’. फारसीत गेल म्हणजे माती, ताफ्तान म्हणजे भाजणं.

मीकर 1980च्या दशकात या वाटेला लागले. भिंती कच्च्या विटांच्या, सांधे चिखलाचे. छताला लाकूड चालणार नाही, ते जळून जाईल. म्हणून कमान किंवा घुमट. घर उभं राहिलं की ते आवा रचतात तसं भरायचं: कच्च्या विटा, फरशा, कौलं. दारं-खिडक्या बंद करून तीन-चार दिवस जाळ. भिंती भाजून निघतात आणि आतला माल विकून जळणाचा खर्च भरून काढता येतो. एरवी भट्टीत सुमारे 40 टक्के उष्णता भिंतीच गिळतात, असा वास्तुकार अनुपमा कुंडू यांचा हिशेब आहे. इथे ती गिळलेली उष्णताच कामाची, कारण भिंत हीच वस्तू.

भट्टीसारखं घर बांधणारा एक पक्षीही आहे, दक्षिण अमेरिकेतला ओर्नेरो. चिखल-गवताचं घुमटाकार घरटं बांधतो. दिसायला हुबेहूब पावाची भट्टी, आणि भट्टीवरूनच त्याला हे नाव पडलं. आत एक आडभिंत असते, तिला वळसा घालूनच पिलांपर्यंत पोचता येतं. तो सहसा दरवर्षी नवं घर बांधतो आणि जुन्यात दुसरेच पक्षी बिऱ्हाड थाटतात. आयत्या बिळावर नागोबा तिकडेही आहेतच.

घर भाजण्याचा कागदावर बिनतोड वाटणारा हिशेब जमिनीवर अवघड होतो. जाळ आतून लागतो, त्यामुळे भिंतीची बाहेरची बाजू कच्ची राहण्याचा धोका. माती वाळताना आणि भाजताना आकसते, तडे जातात. शिवाय आवा लावण्याची जाण असलेला माणूस हवाच. सिमेंटचं घर कुठलाही गवंडी बांधून देतो. दशकाहून अधिक काळ घरं भाजल्यावर मीकर थांबले आणि माणसाहून उंच शिल्पांकडे वळले. मला हा बदल हार वाटत नाही. घराएवढी माती भाजण्याचा हात बसलेल्या माणसाला फुलदाणी पुरणार कशी?

तंत्र मात्र तिथेच संपलं नाही. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या कुंडू यांनी 2008 मध्ये मीकर यांच्या साथीने पुद्दुचेरीत ‘व्हॉलॉन्तारिया’ या संस्थेसाठी निराधार मुलांची घरं अशीच बांधून भाजली. सायकलच्या चाकांच्या रिंगा बांधकामात साचा म्हणून वापरल्या आणि पुढे त्याच खिडक्यांच्या जाळ्या झाल्या.