होडीच्या कण्यास पट्टी कोणत्या धातूची?

मांडवी, जुवारी किंवा शापोरा नदीच्या मुखाजवळ ज्यांची धातूची व लोखंडी सामानाची दुकाने आहेत, त्यांच्याकडे पावसाळा सरता सरता एक विशिष्ट प्रकारचे गिऱ्हाईक येते. त्याच्यापाशी दहा-बारा फुटांची लहान होडी असते, लाकडाची किंवा फायबरची. वाळूवरून व जांभ्या दगडाच्या धक्क्यावरून ओढून ओढून तिचा तळचा कणा, ज्यास कोकणातील नाखवे पठाण म्हणतात, झिजू लागलेला असतो. त्यावर ठोकण्यासाठी अर्धगोल पट्टी हवी असते. "कोणतीही द्या, पण टिकाऊ द्या," एवढीच मागणी असते. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचे उत्तर चुकले तर केवळ पट्टी नव्हे, तर होडीच जाते.

हे मी स्वानुभवाने सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशा एका गिऱ्हाइकास मी पितळेची उत्तम पट्टी दिली. त्या दिवशी दुकानात पितळी स्क्रू शिल्लक नव्हते, म्हणून लोखंडाचे दिले. दोन पावसाळ्यांनंतर तो पट्टी हातात घेऊन परत आला. पट्टी जवळजवळ नवी होती. स्क्रूंचा मात्र तांबडा चुरा झाला होता. भोकांतून पाणी मुरून कणा आतून काळा पडला व कुजला होता. "शेटजी, पट्टी चांगली होती," एवढेच तो म्हणाला. रागावला असता तर बरे वाटले असते.

असे का घडले? खारे पाणी विजेचे वाहक आहे. दोन भिन्न धातू परस्परांस चिकटून त्या पाण्यात बुडाले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह सुरू होतो आणि त्यांतील हीन धातू विरघळू लागतो. या दृष्टीने जस्त व अ‍ॅल्युमिनियम सर्वांत हीन, त्यानंतर लोखंड, त्यावर पितळ, तांबे व ब्राँझ, आणि सामान्यतः त्यांच्याही वर स्टेनलेस पोलाद, असा क्रम लागतो. हीन धातूचा तुकडा लहान व वरिष्ठ धातूचा पृष्ठभाग मोठा असेल तर नाश अधिक वेगाने होतो. लांब पितळी पट्टीतील लोखंडी स्क्रूची नेमकी हीच अवस्था होती.

ही चूक माझ्या आधी ब्रिटिश आरमारानेही केली होती. इ. स. 1761 मध्ये 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकण्यात आले. 1763 मध्ये तपासणी झाली तेव्हा तांब्याशी संलग्न असलेले लोखंडी खिळे खाल्ले गेलेले आढळले. जेथे पत्र्याखालचा तपकिरी कागद शाबूत राहून दोन धातूंचा स्पर्श टळला होता, तेथील खिळे मात्र बरेच सुस्थितीत होते. एका कागदाने केलेला हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता एकेका धातूचा विचार करू. पितळ घडण्यास सोपे, दिसण्यास सुंदर व सहज मिळणारे आहे. परंतु जस्ताचे प्रमाण जास्त असलेल्या साध्या पितळेतून खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे गुलाबी, भुसभुशीत तांबे उरते. स्क्रू बाहेरून अखंड दिसतो व पिळताच तुटतो. जी होडी काम संपताच किनाऱ्यावर काढून गोड्या पाण्याने धुतली जाते, तिला पितळ चालेल. सदैव पाण्यात राहणाऱ्या होडीस ब्राँझ हवे, विशेषतः सुमारे तीन टक्के सिलिकॉन असलेले. आपल्या ताटवाट्यांचे कासे हे ब्राँझचेच भावंड असले तरी त्यात कथील फार असल्याने ते ठिसूळ असते. त्याची पट्टी करू नये.

स्टेनलेस पोलाद कठीण असल्याने दगडाची घासण उत्तम सोसते. परंतु त्याचे रक्षण करणारा क्रोमियमचा सूक्ष्म थर प्राणवायूवर जगतो. पट्टीखाली साचलेल्या कोंदट खाऱ्या पाण्यात प्राणवायू संपला की तेथेच खड्डे पडतात. म्हणून समुद्रासाठी 304 ऐवजी दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेले 316 जातीचे पोलाद द्यावे आणि पट्टीखाली जलरोधक लुकण भरावयास सांगावे. लोहचुंबकाने या दोन जाती ओळखता येत नाहीत. कारखान्याचा दाखला पाहावा.

अ‍ॅल्युमिनियम हलके आहे. वीस मिलिमीटर रुंदीची भरीव अर्धगोल पट्टी तीन मीटर लांब घेतली तर पितळेची सुमारे चार किलो भरते, अ‍ॅल्युमिनियमची केवळ सव्वा किलो. शर्यतीच्या होडीस हा फरक मोलाचा आहे; मात्र दगडावर ती लवकर झिजते. होडीच अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तिला पितळ वा तांबे मुळीच लावू नये. जस्त चढविलेले लोखंड स्वस्त पडते. पण कण्यावर प्रथम घासला जातो तो जस्ताचाच थर, आणि मग गंजास अटकाव राहत नाही.

तात्पर्य, "सर्वांत मजबूत धातू कोणता?" हा प्रश्नच अपुरा आहे. गिऱ्हाइकास तीन गोष्टी विचाराव्यात: होडी कशाची आहे, ती पाण्यात राहते की किनाऱ्यावर, आणि ती वाळूवर ओढली जाते की दगडावर. त्यानंतर पट्टी व स्क्रू एकाच कुळातले, एकाच पुडक्यात बांधून द्यावेत. त्या जातीचे स्क्रू दुकानात नसतील तर चार दिवस थांबावयास सांगावे. त्या दिवसाची विक्री लांबेल. पण पाण्यावर बसणारा माणूस आपण दिलेल्या त्या लहानशा स्क्रूंवरही विसंबून असतो.