मास्कचा धागा : जंतू अडवणारा आणि मातीत मिसळणारा

मास्कबद्दल दवाखान्यात मला दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. तो धुऊन पुन्हा वापरावा का? आणि वापरून झाल्यावर टाकावा कुठे? दोन्ही प्रश्नांचे उत्तर मास्कच्या धाग्यात दडलेले आहे.

मास्क म्हणजे पिठाची चाळणी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. ‘एन-९५’ मास्कमधील मधला थर पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या अतिशय बारीक धाग्यांचा असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड, तर हे धागे जेमतेम काही मायक्रॉनचे. त्यांच्यावर विद्युतभार दिलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा जसे कागदाचे कपटे ओढतो, तसे हे धागे हवेतील सूक्ष्म कण ओढून धरतात. म्हणून सुमारे ०.३ मायक्रॉनचे, अडवायला सर्वात अवघड असलेले कणही किमान ९५ टक्के अडतात. असा मास्क साबणाने धुतला किंवा स्पिरिटने पुसला, की हा भार उतरतो. दिसायला मास्क तोच, पण त्याची ताकद गेलेली असते. तेव्हा एन-९५ धुऊ नये.

आता दुसरा प्रश्न. मास्क जंतूंना अडवतो, मारत नाही. अडकलेले जंतू त्यावर काही काळ जिवंत राहू शकतात. शिवाय प्लॅस्टिक कुजत नाही. २०२० च्या साथीनंतर गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यांवर पडलेले मास्क आपण सर्वांनी पाहिले आहेत.

या दोन्ही उणिवांवर संशोधक एकच उपाय शोधत आहेत : जंतुनाशक आणि कुजणारा नॅनोधागा. जत्रेत ‘म्हातारीचे केस’ करताना साखरेच्या पाकाचे तंतू निघतात, तसेच हे काहीसे. फरक इतकाच, की इथे द्रावण सुईतून सोडून हजारो व्होल्टच्या विजेने खेचले जाते. वाटेतच ते सुकते आणि एक मायक्रॉनहून बारीक धाग्यांची जाळी तयार होते. ही रीत जुनीच आहे. तिचे एक पेटंट १९३४ सालचे आहे. धागा इतका बारीक असल्याने विद्युतभार नसतानाही कण अडतात, आणि पातळ जाळीतून श्वास घेणेही फार जड जात नाही.

कच्चा माल मात्र नवा आहे. मक्यासारख्या पिकांच्या साखरेपासून होणारे पॉलिलॅक्टिक आम्ल, रेशमातील प्रथिन, आणि आपल्या कोकणवासीयांना नवल वाटेल असे कायटोसान. कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांपासून ते काढतात. त्याचा धनभार जिवाणूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटतो व ते फोडतो. काही जाळ्यांत चांदीचे कणही घालतात.

तरीही वाचकांनी वेष्टनावरील ‘नॅनो’ आणि ‘जंतुनाशक’ या शब्दांना भुलू नये. जिवाणू मारणारा धागा विषाणूही मारेलच असे नाही. धागा हवेत सुटून श्वासात जाणार नाही ना, चांदी झिरपणार नाही ना, दमट हवेत तो टिकेल ना, हे तपासावेच लागते. ‘कुजणारा’ या शब्दाचेही तसेच. पॉलिलॅक्टिक आम्ल सुमारे ६० अंश सेल्सिअस तापलेल्या मोठ्या खतप्रकल्पात लवकर कुजते. आपल्या नालीत ते वर्षानुवर्षे तसेच राहू शकते.

घरात क्षयरोगी असेल तर धाग्याच्या जातीपेक्षा पुढील गोष्टी महत्त्वाच्या आहेत :

१. विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत रुग्णाने साधा सर्जिकल मास्क लावावा. शुश्रूषा करणाऱ्याने एन-९५.
२. मास्क नाकाला व गालाला घट्ट बसावा. फटीतून हवा आत आली, तर उत्तम धागाही कुचकामी ठरतो.
३. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वारा आणि ऊन यांना पैसे पडत नाहीत.
४. वापरलेला मास्क कागदी पिशवीत ७२ तास ठेवून, मग कापून कचऱ्यात टाकावा. पोरांच्या हाती लागू देऊ नये.
५. बरे वाटले म्हणून औषधे मध्येच सोडू नयेत. जंतू रुग्णाच्या फुफ्फुसातच नष्ट करणारे औषध हेच घरातील इतरांचे सर्वात मोठे संरक्षण आहे.